वन-बिट डॅक घ्यायचाय की बनवायचाय? चिपच्या नावाआधी हे बघा

वन-बिट डॅकचा (डॅक म्हणजे डिजिटल गाण्याचं अॅनालॉग व्होल्टेज करणारा भाग) विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, कुठली चिप चांगली? फिलिप्सची जुनी टीडीए१५४७ कुठे मिळाली तर उचलू का, की एकेएम कंपनीची नवीन घेऊ, की आजकाल काही लोक चिपच न वापरता नुसत्या लॉजिक आयसीवर (० आणि १ हाताळणाऱ्या साध्या चिपवर) डॅक करतात तसा करू. माझं म्हणणं सरळ आहे, वन-बिटमध्ये चिपचं नाव सगळ्यात शेवटी येतं, आधी क्लॉक (वेळेचे ठोके देणारा), मग सप्लाय (वीजपुरवठा), मग फिल्टर. हे का, ते आधी बघू, कारण ते एकदा डोक्यात बसलं की पुढच्या पायऱ्या पाठ करायची गरज राहत नाही.

थोडी थिअरी, पण उडी मारून पुढे जाऊ नका

सीडीवर सेकंदाला ४४,१०० सॅम्पल आणि प्रत्येक सॅम्पल १६ बिटचं, म्हणजे व्होल्टेजच्या ६५,५३६ पायऱ्या. मल्टिबिट डॅकला यातली प्रत्येक पायरी अचूक काढावी लागते आणि तिथेच घोळ होतो, कारण सगळ्यात मोठ्या बिटची किंमत ३२,७६८ छोट्या पायऱ्यांएवढी असते, त्याच्या रेझिस्टरमध्ये ०.००३ टक्के फरक पडला की एक अख्खी पायरी चुकली. त्यात हा मोठा बिट नेमका सिग्नल शून्य ओलांडताना बदलतो, म्हणजे गाण्यातल्या सगळ्यात हळू आवाजातच चूक ऐकू यायची शक्यता जास्त.

वन-बिटवाल्यांनी हा प्रश्न सोडवला नाही, टाळला. लेव्हल फक्त दोनच, वर किंवा खाली. दोन बिंदूंमधून जाणारी रेघ सरळच असते, त्यामुळे लिनिअॅरिटीचा (आकडा आणि व्होल्टेज सरळ प्रमाणात राहण्याचा) प्रश्नच येत नाही. बल्ब सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद केला आणि चालू राहायचं प्रमाण बदलत नेलं तर डोळ्याला उजेड कमी-जास्त दिसेल, तसंच इथे १ किती दाट येतात त्यावर व्होल्टेज ठरतं, आणि पुढचा फिल्टर त्याची सरासरी काढतो.

दोनच लेव्हल म्हटल्यावर क्वांटायझेशन नॉइज (मधल्या किमती दोनच लेव्हलमध्ये बसवताना होणारी चूक) भयंकर, मग तो नॉइज शेपिंग करून कानाच्या रेंजच्या वर ढकलायचा. नुसतं ओव्हरसॅम्पलिंग (सॅम्पलचा वेग वाढवणं) दुप्पट केलं तर ३ डीबी फायदा मिळतो, सेकंड ऑर्डर (दोन टप्प्यांचा) नॉइज शेपर लावला तर दर दुपटीला १५ डीबी. ४४.१ किलोहर्ट्झच्या २५६ पट म्हणजे ११.२८९६ मेगाहर्ट्झ, एवढ्या स्पीडला सेकंड ऑर्डरचा कागदावरचा हिशोब ११५ डीबीच्या आसपास येतो. प्रत्यक्षात कमी मिळतं, पण एका बिटमधून १६ बिटच्या वरचं काम निघतं हे खरं.

कल्पना जुनीच, जपानमध्ये इनोसे आणि यासुदा यांनी १९६२ साली डेल्टा-सिग्मा, म्हणजे हीच पद्धत, मांडलं. ऑडिओत ते आलं १९८० च्या दशकाच्या शेवटी, फिलिप्सचं बिटस्ट्रीम, मात्सुशिताचं मॅश, सोनीचं पल्स डॅक. मग १९९९ ला एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) आली, तिच्यात रेकॉर्डिंगच वन-बिट, २.८२२४ मेगाहर्ट्झ, ज्याला आपण डीएसडी६४ म्हणतो (सीडीच्या ६४ पट वेग, तसंच डीएसडी२५६ म्हणजे २५६ पट).

आता मुद्द्याचं. व्होल्टेजच्या अचूकतेचं ओझं गेलं पण ते हवेत विरलं नाही, ते वेळेवर आणि कानाबाहेरच्या नॉइजवर जाऊन पडलं. वेळ म्हणजे क्लॉक, नॉइज म्हणजे फिल्टर, आणि ती जी "वरची" लेव्हल आहे ती म्हणजे थेट तुमचा सप्लाय.

पायरी १: खरंच वन-बिट आहे का ते तपासा

दुकानात डेल्टा-सिग्मा लिहिलेलं सगळं वन-बिट नसतं. २००१ मध्ये लिपशित्झ आणि व्हँडरकॉय यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीत एक पेपर मांडला, त्याचा गाभा असा की दोनच लेव्हल असतील तर पुरेसा डिथर (मुद्दाम मिसळलेला थोडा रँडम नॉइज) टाकायला जागाच उरत नाही, टाकला तर मॉड्युलेटर (वन-बिटचा प्रवाह बनवणारा भाग) ओव्हरलोड होतो, म्हणून वन-बिट कधीच पूर्ण निर्दोष करता येत नाही. गणित म्हणून त्यांचं बरोबरच आहे. चिप कंपन्याही हळूहळू अनेक लेव्हलच्या मॉड्युलेटरकडे गेल्या, आजच्या बहुतेक नामांकित डॅक चिप आतून मल्टिबिट डेल्टा-सिग्मा आहेत. म्हणजे डीएसडी फाइल वाजते म्हणून डॅक वन-बिट झाला असं नाही.

माझ्या मते आज तीन रस्ते उरतात.

जुनी चिप असलेला प्लेअर किंवा डॅक. फिलिप्सच्या एसएए७३२० कुटुंबातल्या चिप, किंवा एसएए७३५० नॉइज शेपर आणि पुढे टीडीए१५४७, ज्याला डॅक७ म्हणतात. टीडीए१५४७ स्विच्ड कपॅसिटरवर चालते, त्यामुळे जिटरला (क्लॉकचे ठोके पुढे-मागे होण्याला) तुलनेने कमी घाबरते, आवाज अजूनही झकास. पण सुट्या चिप ऑनलाइन घेताना सांभाळून, जुन्या आयसी घासून वर नवीन नंबर छापायचे धंदे जोरात चालतात. आख्खा चालू प्लेअर घेणं बरं, आणि घेतल्यावर पहिलं काम म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तपासणं. आणखी एक, मॅशवाल्या प्लेअरवर वन-बिट लिहिलेलं असतं पण तिथे पल्सची रुंदी अनेक मापांत बदलते, त्यामुळे त्याला शुद्ध दोन लेव्हलवाला वन-बिट म्हणायचं की नाही यावर लोक अजून भांडतात. मी त्या भांडणात पडत नाही.

दुसरा रस्ता, डीएसडी थेट जाऊ देणारी नवी चिप. सीएस४३९८ मध्ये डायरेक्ट डीएसडी मोड आहे, एकेएमच्या एके४४९० आणि एके४४९७ मध्येही आतला डिजिटल व्हॉल्यूम आणि मॉड्युलेटर बायपास करायची सोय आहे. पण ही सोय चिपच्या आतल्या सेटिंगमधून (रजिस्टरमधून) चालू करावी लागते, तयार डॅकमध्ये उत्पादकाने ती चालू ठेवलीय का हे मॅन्युअलमध्ये बघा, नसेल लिहिलं तर विचारा.

तिसरा, चिपच नको. पीएस ऑडिओचा डायरेक्टस्ट्रीम एफपीजीएवर (हवी तशी प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपवर) सगळं वन-बिट करून ट्रान्सफॉर्मरमधून बाहेर काढतो, मारांट्झच्या एसए-१० मध्येही बाजारातली तयार डॅक चिप नाही. घरी करायला हाच रस्ता सगळ्यात मजेचा आणि शिकवणारा, म्हणून पुढचं बरंचसं त्याच्यावर लिहितोय. बाकी दोन रस्तेवाल्यांनाही क्लॉक, सप्लाय, फिल्टरचे नियम तेच.

पायरी २: क्लॉक

वन-बिटमध्ये प्रत्येक एज (० वरून १ वर किंवा उलट होणारी उडी) पूर्ण उंचीची असते, गाणं कितीही हळू असो. त्यामुळे एज थोडी पुढे-मागे झाली की चूक पूर्ण उंचीच्या प्रमाणात होते. ढोबळ हिशोब करून बघा, डीएसडी६४ ला एका बिटचा वेळ ३५४ नॅनोसेकंद, त्यात १० पिकोसेकंद रँडम जिटर धरला तर ऐकू येणाऱ्या पट्ट्यातला नॉइज मायनस १०० डीबीच्या आसपास येतो. तोच १० पिकोसेकंद साध्या मल्टिबिट डॅकला २० किलोहर्ट्झच्या फुल सिग्नलवरही मायनस ११८ च्या आसपास ठेवतो, आणि सिग्नल हळू झाला की अजून खाली जातो. म्हणजे वन-बिटला एक पिकोसेकंदाच्या घरातला क्लॉक ही चैन नाही, गरज आहे.

ऑसिलेटर दोन लागतात, ४४.१ च्या कुटुंबासाठी २२.५७९२ मेगाहर्ट्झ आणि ४८ च्या कुटुंबासाठी २४.५७६. फक्त डीएसडी ऐकणार असाल तर पहिला एकटा पुरतो. क्रिस्टेकचा सीसीएचडी-९५७ यासाठी बरेच लोक वापरतात.

ठेवायचा कुठे, हे ऑसिलेटरच्या ब्रँडपेक्षा महत्त्वाचं. ऑसिलेटर डॅकच्या बोर्डवर, आउटपुट चिपला लागून. तिथून क्लॉक उलटा यूएसबी बोर्डला (कॉम्प्युटरकडून गाणं घेणाऱ्या बोर्डला) पाठवायचा म्हणजे मालक डॅक आणि यूएसबी बोर्ड नोकर. मध्ये डिजिटल आयसोलेटर (दोन बाजूंचे ग्राउंड वेगळे ठेवणारी चिप) टाकणार असाल, आणि टाकाच, कारण कॉम्प्युटरचा ग्राउंड घाण असतो, तर आयसोलेटर स्वतः जिटर घालतो हे लक्षात ठेवून डेटा आयसोलेटरमधून आल्यानंतर फ्लिप-फ्लॉपने (क्लॉकच्या ठोक्यावर बिट पकडणाऱ्या सर्किटने) परत क्लॉक करायचा. आधी आयसोलेटर, मग रिक्लॉक. हा क्रम उलटा केलेले बोर्ड विकत मिळतात, महागातले पण.

पायरी ३: सप्लाय

लॉजिक चिपचा आउटपुट १ झाला म्हणजे काय झालं, तर व्हीसीसी (सप्लायचा प्लस) आउटपुटला जोडला गेला. ० झाला म्हणजे ग्राउंड जोडला. बस. म्हणजे तुम्ही ऐकताय तो तुकडे केलेला सप्लायच आहे, त्याच्यात जो नॉइज असेल तो गाण्याशी गुणला जाऊन बाहेर येणार, आणि ऑप-अँप (अॅनालॉग अॅम्प्लिफायर चिप) सप्लायचा नॉइज जसा दाबून टाकतो तशी इथे काहीच सोय नाही.

म्हणून आउटपुट रजिस्टरचा (शेवटी बिट बाहेर काढणाऱ्या लॉजिक चिपचा) सप्लाय वेगळा ठेवा, जमलं तर दोन्ही चॅनलना वेगवेगळा. ७८०५ या साध्या रेग्युलेटरचा नॉइज ४० मायक्रोव्होल्टच्या आसपास असतो, एलटी३०४५ सारख्या रेग्युलेटरचा ०.८. फरक किमतीत आहे तसा ऐकण्यातही आहे. ऑसिलेटरला पण स्वतःचा रेग्युलेटर द्या, लॉजिकच्या करंटचे झटके त्याच्यापर्यंत पोचता कामा नयेत. ग्राउंड प्लेन अखंड ठेवा, अॅनालॉग ग्राउंड वेगळा डिजिटल वेगळा करून प्लेन कापायचा मोह टाळा, रिटर्न करंटला वळसा पडला की फायद्यापेक्षा तोटा जास्त होतो.

पायरी ४: आउटपुट स्टेज, जरा जवळून

स्टिरिओसाठी एक ७४एएचसीटी७४ (दोन फ्लिप-फ्लॉप) आणि चार ७४एएचसीटी१६४ (आठ बिटांचे शिफ्ट रजिस्टर) लागतात, आणि ८.२ किलोओहमचे ३२ रेझिस्टर, सगळे ०.१ टक्केवाले, एकाच रीलमधले. एवढाच डॅक.

चॅनलचा डीएसडी डेटा ७४ च्या एका फ्लिप-फ्लॉपला द्या. त्याला क्यू आणि उलटा क्यू असे दोन आउटपुट आयतेच असतात, क्यू एका १६४ ला, उलटा क्यू दुसऱ्या १६४ ला. झालं डिफरन्शियल, म्हणजे एक सरळ आणि एक उलट अशी जोडी. १६४ चे दोन सिरीयल इनपुट एकमेकांना जोडा, रिसेटची पिन व्हीसीसीला, क्लॉक सगळ्यांना तोच. मग १६४ च्या आठही आउटपुटमधून एकेक ८.२ किलोओहम काढून एका ठिकाणी जोडा.

आठ बिटांची ही सरकती सरासरी म्हणजे अॅनालॉग एफआयआर फिल्टर, आणि गंमत म्हणजे एवढ्यात बरीच कामं होतात. डीएसडी६४ ला पहिला खड्डा ३५२.८ किलोहर्ट्झवर पडतो, म्हणजे अल्ट्रासॉनिक नॉइज आत्ताच उतरायला लागला. २० किलोहर्ट्झवर नुकसान ०.०५ डीबीपेक्षा कमी. आउटपुट दोन लेव्हलऐवजी नऊ लेव्हलमध्ये हलतो, झेप छोटी झाली की जिटरचा त्रासही कमी. आणि हे सगळं करूनही लिनिअॅरिटी बिघडत नाही, कारण प्रत्येक बिट आठही रेझिस्टरमधून एकेकदा जातोच, रेझिस्टर थोडा कमी-जास्त असला तरी फक्त फिल्टरचा आकार किंचित बदलतो, डिस्टॉर्शन येत नाही. मल्टिबिट लॅडरमध्ये हे सुख नाही.

एएचसीटीच का? यूएसबी बोर्डाचे सिग्नल ३.३ व्होल्टचे असतात, आणि ५ व्होल्टवरच्या साध्या एचसी चिपला १ ओळखायला साधारण ३.५ लागतात. चालतंय असं वाटतं आणि अधूनमधून बिट चुकतात, टिकटिक येते आणि माणूस महिनाभर सॉफ्टवेअर शोधत बसतो. सीटीवाल्याला २ व्होल्ट पुरतात.

क्लॉकच्या ट्रेसला सोर्सपाशी २२ ते ४७ ओहमचा सिरीज रेझिस्टर टाका. डेटा आणि क्लॉकची एज एकाच वेळी येत असेल तर फ्लिप-फ्लॉपचा क्लॉक उलटा करा, डीएसडी२५६ ला पण अर्धा बिट म्हणजे ४४ नॅनोसेकंद मिळतात, भरपूर झाले.

आउटपुट किती येईल? ५ व्होल्टवर एका बाजूला प्लस-मायनस २.५, पण डीएसडीत ० डीबी म्हणजे ५० टक्के मॉड्युलेशन, म्हणून शिखर १.२५ व्होल्ट, आरएमएस ०.८८. दोन्ही बाजू मिळून १.७७. नेहमीच्या २ व्होल्टच्या जवळ आलो, वेगळा गेन लागतच नाही.

पायरी ५: फिल्टर

आठ ८.२ किलोओहम पॅरलल म्हणजे साधारण १ किलोओहम, त्यावर ग्राउंडला २.२ नॅनोफॅरड टाकला की ७० किलोहर्ट्झचा पहिला फिल्टर तयार, २० किलोहर्ट्झवर ०.३ डीबी जातात. डीएसडी२५६ च ऐकणार असाल तर १ नॅनोफॅरड पुरे, नॉइज तिथे खूप वर सरकलेला असतो. कपॅसिटर सी०जी किंवा पॉलिप्रॉपिलीन. एक्स७आर इथे चालणार नाही, व्होल्टेजबरोबर त्याची कपॅसिटी बदलते आणि ते सरळ डिस्टॉर्शन आहे, डीकपलिंगला मात्र खुशाल वापरा.

हा पॅसिव्ह फिल्टर ऑप-अँपच्या आधीच हवा. नॅनोसेकंदाच्या एज थेट ऑप-अँपवर सोडल्या तर तो बिचारा स्ल्यू करत, म्हणजे त्यांना गाठायला धावत बसतो. त्यानंतर डिफरन्शियल ते सिंगल एंडेड करणारी स्टेज, तिच्यातच सेकंड ऑर्डर बसवा, डीएसडी६४ साठी एकूण ५० किलोहर्ट्झच्या आसपास, एसएसीडीच्या शिफारशीतला आकडा पण तोच आहे. ऑप-अँप नको असेल तर चांगला १:१ लाइन ट्रान्सफॉर्मर, तो स्वतःच वरचं बरंच कापतो. मला वैयक्तिक ट्रान्सफॉर्मर जास्त आवडतो, पण खर्च अख्ख्या बोर्डापेक्षा जास्त होऊ शकतो.

पायरी ६: बिट न बिघडता पोचवा

डीएसडी नेटिव्ह पाठवा किंवा डीओपीने (डीएसडी ओव्हर पीसीएम). डीओपीत २४ बिटच्या पीसीएम (सीडीसारखे साधे सॅम्पल) चौकटीत १६ बिट डीएसडीचे आणि वरचे ८ बिट ओळखीची खूण, म्हणून डीएसडी६४ ला १७६.४ किलोहर्ट्झ लागतात. कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम शंभर टक्के, मिक्सर बायपास. कुठेही व्हॉल्यूमला हात लागला की खूण बिघडते, डॅक त्याला पीसीएम समजतो आणि गाण्याऐवजी हलका हिस्स ऐकू येतो. हा हिस्स आला की हार्डवेअर उघडू नका, आधी सॉफ्टवेअरची व्हॉल्यूम सेटिंग बघा.

वर केलेल्या रजिस्टर डॅकला डीओपी आणि पीसीएम दोन्ही कळत नाहीत, त्याला कच्चा डीएसडीच लागतो, म्हणजे डीओपी वापरलं तरी ते यूएसबी बोर्डानेच सोडवून द्यायला हवं. पीसीएमची गाणी असतील तर एचक्यूप्लेअरसारख्या सॉफ्टवेअरने डीएसडी२५६ करून पाठवा, त्या सॉफ्टवेअरमधला व्हॉल्यूम मायनस ३ डीबी ठेवा, तो डीएसडी होण्याआधी लागतो म्हणून चालतो. मॉड्युलेटर कुठला निवडता याचा आवाजावर परिणाम होतो, चिपच्या आतला जो भाग लोक वर्षानुवर्षं शोधत फिरायचे तो आता मेन्यूतून बदलता येतो. व्हॉल्यूम कंट्रोल शेवटी अॅनालॉगच लागणार, वन-बिट सिग्नल परत मॉड्युलेट केल्याशिवाय कमी करता येत नाही.

पायरी ७: पहिल्यांदा चालू करताना

स्पीकर जोडू नका. खरंच नका. चुकून पीसीएम डेटा रजिस्टरवर गेला तर फुल आवाजाचा खरखराट बाहेर पडतो आणि ट्वीटर जातो. यूएसबी बोर्डवर डीएसडी चालू असल्याची जी पिन असते तिच्यावरून म्यूट रिले चालवा, पीसीएम आलं की आउटपुट ग्राउंडला.

मल्टिमीटर लावा. प्लेअर पॉज असताना चांगला बोर्ड शांततेचा पॅटर्न पाठवत राहतो, ०११०१००१, यात १ आणि ० समसमान. त्यामुळे प्रत्येक रेझिस्टर बँकेच्या आउटपुटला २.५ व्होल्ट दिसले पाहिजेत, दोन बँकांमधला फरक काही मिलिव्होल्ट. एका बँकेला ० आणि दुसरीला ५ दिसले तर डेटा लाइन नुसती शून्यावर पडून आहे, शांतता नाही, तो पूर्ण डीसी आहे, आणि अॅम्प्लिफायर डीसी कपल्ड असेल तर वूफरचं काय होईल ते सांगायला नको. ट्रॅक बदलताना पण दोन सेकंद मीटरकडे बघत राहा, काही बोर्ड मध्येच सगळं शून्य पाठवतात आणि धप्प आवाज येतो.

ऑसिलोस्कोपवर फिल्टरनंतरही डीएसडी६४ ची रेघ जाडसर, केसाळ दिसेल. घाबरू नका, तो वरचा नॉइज आहे. मग साउंड कार्ड आणि आरईडब्ल्यू (मोजमापाचं सॉफ्टवेअर) घेऊन १ किलोहर्ट्झचा मायनस ६० डीबी टोन बघा. तळाशी अचानक उभ्या सुया दिसल्या तर आयडल टोनचा (मॉड्युलेटरमधून आपोआप निघणाऱ्या नकोशा सुराचा) संशय घ्या. फर्स्ट ऑर्डर मॉड्युलेटरला डीसी दिला की टोन कुठे येईल ते सरळ काढता येतं, ११.२८९६ मेगाहर्ट्झवर फुल स्केलच्या ५००० व्या भागाएवढा डीसी असेल तर २२५८ हर्ट्झवर, बरोब्बर कानाच्या मध्यावर. वरच्या ऑर्डरला हे खूप कमी होतं पण डीसी बदलून सुई सरकते का बघा, सरकली तर आयडल टोन, नाही सरकली तर सप्लाय किंवा ग्राउंड शोधा.

ऐकून तुलना करायची असेल तर

आधी लेव्हल जुळवा, ०.१ डीबीच्या आत. २ व्होल्टच्या आउटपुटवर हा फरक जेमतेम २३ मिलिव्होल्ट असतो, आणि याच्यापेक्षा थोडा मोठा आवाज प्रत्येकाला "जास्त डिटेल" वाटतो. टोन १ किलोहर्ट्झऐवजी ३०० हर्ट्झचा लावा, स्वस्त मल्टिमीटर ४०० च्या वर एसी नीट मोजत नाहीत. डीएसडी६४, १२८, २५६ तिन्हीला परत परत मोजा, कारण फिल्टर तोच राहिला तरी सॉफ्टवेअरची लेव्हल बदललेली असू शकते. बदलायचं काम दुसऱ्या कुणाला तरी सांगा, कुठला चालू आहे ते तुम्हाला माहीत नको, आणि सतार किंवा तानपुरा असलेलं एखादं रेकॉर्डिंग यादीत ठेवा, तारेच्या विरत जाणाऱ्या शेपटीत क्लॉक आणि सप्लायचे दोष जेवढे लवकर सापडतात तेवढे भरगच्च गाण्यात सापडत नाहीत.